मांडावरची तिसरी बाजू

तुळशीचं लग्न लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, 2024 च्या नोव्हेंबरात, दुपारची जेवणं आवरल्यावर मी सोप्यावर बसले आणि माझं इन्स्टाग्रामचं खातं कायमचं काढून टाकायची विनंती पाठवली. वृंदावनातला ऊस अजून उभा होता. चिंचा-आवळ्याच्या फांद्याही सुकल्या नव्हत्या.

खातं थोडे दिवस बंद ठेवायचं की कायमचं काढायचं, हे आधी विचारतात. मग कारण विचारतात आणि निवडायला यादी पुढे करतात. वेळ फार जातो, खासगीपणाची काळजी वाटते, दुसरं खातं आहे, अशी कारणं. मी यादी दोन-तीनदा वाचली. माझं कारण त्यात नव्हतं. माझं कारण म्हणजे आमच्या शेजारच्या घरातली थोरली काकी. दहा महिने ती माझ्याशी बोलली नव्हती. शेवटी यादीतलं पहिलं कारण निवडलं, पुन्हा पासवर्ड घातला आणि बटण दाबलं. खातं त्याच क्षणी लोकांना दिसेनासं होतं, पण पुसायला सुरुवात होते ती 30 दिवसांनी. तोवर एकदा जरी आत शिरून मन बदललं, तर सगळं जिथल्या तिथे परत मिळतं.

त्या 30 दिवसांबद्दल मला लिहायचं आहे. पण त्यासाठी आधी मांडाबद्दल सांगावं लागेल.

आमचा गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. जुनी माणसं या भागाला अंत्रूज महाल म्हणतात. घरी आम्ही कोकणी बोलतो. शाळा मराठीतून झाली, देवळातली भजनं आणि उत्सवातली नाटकं मराठीतली, त्यामुळे लिहायला बसलं की हात आपसूक मराठीकडे वळतो. धालो या बायांच्या नाचाच्या गाण्यांतही या दोन भाषा एकमेकींच्या कमरेत हात घालून उभ्या असतात. धालो पौषात होतात, रात्रीची जेवणं झाल्यावर, सलग काही रात्री. मांड म्हणजे शेणाने सारवलेलं अंगण. तिथे पणती लावतात, देवाला आणि मांडाच्या राखणदारांना नमन करतात आणि बाया दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहतात. एक रांग ओळ म्हणत वाकून पुढे येते, मागे सरकते. मग समोरची रांग तीच ओळ उचलते. गाणारीच्या समोर कायम दुसरी गाणारी असते. आमच्या गावात पुरुष मांडाकडे फिरकत नाहीत. शेवटच्या रात्री बाया सोंगं काढतात, पुरुषांच्या नकला करतात, पोट दुखेस्तोवर हसतात, आणि मांड शिंपला की पुन्हा आपापल्या चुलीकडे जातात.

मी लग्न होऊन इथे आले ती डिचोलीहून. पहिल्याच पौषात माझ्या लक्षात आलं की या मांडावर एकच गाणं तीन-चार तऱ्हांनी म्हणतात. पेडण्याहून आलेली सून चाल लांबवते. सांग्याची बाई एक कडवं जास्त म्हणते. थोरली काकी तर ओळींमध्ये स्वतःच्या ओळी घालते, त्या त्या वर्षी मनात असेल ते. कुणी कुणाला चुकलीस म्हणत नाही. मीही माझ्या आईची चाल घेऊन आले होते. ती पहिल्यांदा म्हटली तेव्हा समोरच्या रांगेने ती जशीच्या तशी उचलून मला परत दिली, आणि त्या रात्री मला पहिल्यांदा हे माझं घर वाटलं.

खातं उघडलं 2018 साली. कुळागरातले, म्हणजे सुपारीच्या बागेतले फोटो, चवथीची, म्हणजे गणपतीची तयारी, नेवऱ्या, पावसातली तळी. पाहणारी तीनशे माणसं आणि त्यांतली बहुतेक ओळखीची. फोटोखाली मराठीत चार ओळी लिहायचे. कुणी भेटलं की त्या चार ओळींवर बोलणं व्हायचं. मला ते आवडायचं आणि त्यात काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. 2020 च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच जुलैत आपल्याकडे रील्स सुरू झाली. पुढच्याच महिन्यात चवथ. कोरोनामुळे आमची मुंबईची माणसं गावी येऊ शकली नव्हती. मी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधतानाचं छोटं रील केलं, मुख्यतः त्यांच्यासाठी. ते 40 हजार लोकांनी पाहिलं. मुंबईची चुलत सासू फोनवर रडली. अनोळखी माणसांनी लिहिलं की गावच्या घराची आठवण आली. त्या रात्री मला झोप लागली नाही. इतक्या लोकांनी आपलं काही पाहिलंय, ही भावना मी आधी कधी अनुभवली नव्हती.

बदल त्यानंतर झाला आणि इतका हळू झाला की एकही दिवस बोटाने दाखवता येणार नाही. मराठी ओळी गेल्या. हिंदी-इंग्रजी ओळींना जास्त माणसं मिळायची. माझ्या गावाला मी ‘कुणाला ठाऊक नसलेला गोवा’ म्हणू लागले. गावाला तर तो ठाऊक होताच. मग मी कुणाशी बोलत होते?

आमच्या घरात माटोळी बांधायचं काम धाकट्या दिराचं. केवणीच्या सालीचे दोर करून ठेवण्यापासून सगळं तो करतो. नारळाची पेंड, सुपारीचं शिपटं, तोरंजन, आंबाडे, हलवलं की खुळखुळणाऱ्या घागऱ्या, लालबुंद कवंडळं. काय कुठे लटकायचं याचा त्याचा स्वतःचा क्रम आहे, त्याच्या वडिलांकडून आलेला. 2021 साली मी त्याला कवंडळं पुढच्या बाजूला बांधायला सांगितली, कारण लाल रंग चौकटीत उठून दिसतो. त्याने काही न बोलता बांधली. पुढच्या वर्षी मी सांगायच्या आधी त्यानेच विचारलं, “वयनी, हे कुठे बांधू? व्हिडिओत कुठे बरं दिसेल?” त्या वेळी मला त्याचं कौतुक वाटलं होतं. आता ती ओळ आठवली की घशाशी काहीतरी अडकतं.

पणजीच्या फोंताइन्यासमध्ये रंगीत घरांसमोर फोटो काढणाऱ्यांची गर्दी असते. आतल्या माणसांना स्वतःच्या दाराशी उभं राहायचाही संकोच वाटतो. पर्रा गावचा माडांचा रस्ता सिनेमामुळे इतका प्रसिद्ध झाला की तिथे चित्रण करणाऱ्यांकडून पैसे घ्यायची वेळ पंचायतीवर आली. या बातम्या वाचून मी चिडायचे. परक्यांनी आमची घरं म्हणजे पडदा करून टाकलीत, असं तावातावाने बोलायचे. आणि 2023 च्या पौषात मी माझा फोन मांडाच्या कडेला, माडाच्या बुंध्याशी स्टँडवर उभा केला.

पहिल्या वर्षी बायांना गंमत वाटली. माझ्या रीलमध्ये 50 सेकंदांचं गाणं होतं, आणि त्यात ऐकू येत होती पेडणेकर वहिनीची चाल, कारण फोनच्या जवळ तीच उभी होती. रील खूप चाललं. वर्षभर गावातल्या पोरींच्या फोनवर ते फिरत राहिलं. 2024 च्या जानेवारीत आम्ही पुन्हा मांडावर उभ्या राहिलो तेव्हा सगळ्या पोरी तीच चाल म्हणत होत्या, रीलमध्ये होती तेवढीच कडवी, त्याच ठिकाणी श्वास घेत. सांग्याची बाई आपल्या जास्तीच्या कडव्यापाशी आली आणि एकटी पडली. दोन ओळी म्हणून थांबली. मीसुद्धा आईची चाल म्हणत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. आणि दोन्ही रांगा किंचित तिरप्या झाल्या होत्या. समोरच्या बाईकडे पाहायचं सोडून सगळ्यांच्या माना माडाच्या बुंध्याकडे वळत होत्या. मांडाला तिसरी बाजू फुटली होती.

एकटी थोरली काकी आपल्या तऱ्हेने म्हणत होती. त्या रात्री तिने स्वतःची ओळ घातली. ती मी इथे देणार नाही. त्यात तिचा माहेरचा भाऊ होता, ज्याने सहा वर्षं तिला चवथीला बोलावलं नव्हतं. ओळ ऐकून समोरची रांग क्षणभर गप्प झाली आणि मग सगळ्यांनी ती जपून उचलली. एवढ्या सारख्या आवाजांत तो एकच आवाज खरा होता. म्हणूनच मला तो हवासा वाटला. दुसऱ्या दिवशी तेवढाच तुकडा कापून मी टाकला. खाली काकीचं कौतुक लिहिलं. माझ्या सगळ्या रील्समध्ये सर्वांत जास्त तेच पाहिलं गेलं.

चौथ्या दिवशी ते तिच्या भावाने पाहिलं.

काकी भांडली नाही. शेवटच्या दोन रात्री ती मांडावर आली नाही, एवढंच. आमच्या दोन घरांमधली वाट रोज सकाळी तिच्या पावलांनी मळायची. तिथे पावसाळ्यात गवत वाढलं. मी रील काढून टाकलं होतं, पण तोवर दुसऱ्या खात्यांनी ते उचललं होतं. मी दोनदा तिच्या दारात गेले. दोन्ही वेळा तिने मांयला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हाक मारून बोलणं तिकडे वळवलं. मग मी जाणं सोडलं आणि रील्स करत राहिले. हे लिहिताना फार लाज वाटते. आणखी दहा महिने मी करत राहिले.

खातं काढायच्या आधी त्यातली आपली सगळी माहिती उतरवून घेता येते. विनंती केली की काही वेळाने दुवा येतो आणि तुमची वर्षं एका फाइलमध्ये मिळतात: टाकलेलं सगळं, शोधलेले शब्द, कशाला पसंती दिली, कुणाशी काय बोललात, सगळं तारीख-वेळेसकट. मला फोटो जपायचे होते, म्हणून मागवली होती. फोटो मी अजूनही उघडलेले नाहीत. मी निरोप वाचत बसले.

माझी एक बालमैत्रीण म्हापशाला असते. डिचोलीच्या शाळेत एका बाकावर बसायचो. आमच्या संवादाची फाइल लांबलचक निघाली आणि मला आधी बरं वाटलं; इतकं बोललो होतो आम्ही. मग वाचू लागले. तीन वर्षांत तिच्याकडून माझ्या प्रत्येक स्टोरीला हृदय, माझ्याकडून तिला हृदय. मध्येच हसणारा चेहरा. पानंच्या पानं हेच. आणि त्यांत 2023 च्या ऑगस्टमध्ये एक ओळ: “बाबांना बांबोळीला नेलंय, मी इथेच आहे.” बांबोळीला म्हणजे तिथल्या सरकारी इस्पितळात. तिच्या ओळीखाली माझं उत्तर: जोडलेले दोन हात. पुढचा निरोप नऊ दिवसांनंतरचा, माझ्या नेवऱ्यांच्या रीलला तिने दिलेलं हृदय.

मला ती ओळ वाचल्याचं आठवतच नव्हतं. त्याच तारखेच्या माझ्या इतर फाइल्स मी उघडल्या. तिला हात जोडले त्याच अर्ध्या तासात मी अकरा अनोळखी माणसांना पातोळ्यांच्या पिठाचं प्रमाण शब्दांत, सविस्तर लिहून दिलं होतं.

शुक्रवारी मी म्हापशाला गेले. बाजाराचा दिवस, बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. तिला आदल्या दिवशी फोन केला तर ती घाबरून म्हणाली, “काय झालं गो?” इतक्या वर्षांत मी नुसता फोन केला नव्हता. बाजारापासून जवळच एका हॉटेलात आम्ही भाजी-पाव मागवला आणि पहिली दहा मिनिटं फार कठीण गेली. बोलायला काही सापडेना. मी बाबांबद्दल विचारलं. बाबा आता बरे होते. नऊ रात्री ती इस्पितळात बाकावर झोपली होती, एकटी, कारण भाऊ जहाजावर. मी म्हटलं, “मला हे काहीच माहीत नव्हतं.” ती म्हणाली, “मला तुझं सगळं माहीत होतं. तू कधी काय रांधलंस, मुलाला कितवा नंबर मिळाला, पडदे कधी बदललेस. रोज भेटल्यासारखंच वाटायचं. विचारायला उरायचंच नाही.” तिने हे रागाने म्हटलं नाही. तिला तसंच वाटत होतं, आणि त्यामुळे मला ते जास्त लागलं. मी रोज तिच्यासमोर होते आणि ती माझ्यासमोर नव्हती. धालोंची एकच रांग, समोर कुणी नाही.

परतीच्या बसमध्ये तिने हातात दिलेली चण्याची पुडी तशीच राहिली होती. घरी आल्यावर ती खाताना मी रडले.

त्या दिवसांत मी या सगळ्याबद्दल थोडं वाचलं. फेसबुकने ‘लाइक’चं बटण आणलं 2009 च्या फेब्रुवारीत. इन्स्टाग्राम सुरुवातीला लोकांच्या पोस्ट ज्या क्रमाने पडतील त्याच क्रमाने दाखवायचं. 2016 पासून तुम्हाला काय धरून ठेवील ते आधी दाखवू लागलं. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदीर आणि कबुतरांवर प्रयोग केले होते. कळ दाबल्यावर दर वेळी दाणा मिळाला तर प्राणी भुकेपुरती दाबतो; कधी मिळेल कधी नाही असं केलं, तर तो दाबतच राहतो. रील चालेल की नाही हे कधीच कळत नाही, त्यामागे हीच ओढ. फेसबुकने 2012 च्या जानेवारीत एक आठवडाभर 6,89,003 माणसांच्या पानावर येणाऱ्या आनंदाच्या किंवा दुःखाच्या पोस्ट कमी करून पाहिल्या, त्या माणसांना न सांगता, आणि त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यात त्याचा परिणाम उतरतो का ते मोजलं. परिणाम अगदी लहान होता, पण होता. 2014 मध्ये हे छापून आल्यावर जगभर आरडाओरड झाली. मला त्या आकड्यापेक्षा एक गोष्ट लागून राहिली: आपण काय लिहितो यावर आपल्याला दाखवलेल्या गोष्टींचा रंग चढतो. आमच्या पोरींची चाल बदलली ती याच वाटेने. कुणी सक्ती केली नव्हती. जे पुन्हा पुन्हा समोर आलं, तेच बरोबर वाटू लागलं.

पण सगळा दोष यंत्रावर टाकून मी मोकळी होऊ शकत नाही. काकीचा तुकडा यंत्राने कापला नव्हता. कुठून कुठवर कापायचं, हे माझ्या बोटांनी ठरवलं होतं.

पहिला आठवडा वाईट गेला. पेज उतू जाताना, कपडे वाळत घालताना, बस येईस्तोवर, अंगठा आपोआप फोनच्या त्या जागेवर जायचा. त्याहून त्रासदायक म्हणजे डोळे चौकट शोधायचे. संध्याकाळी कुळागरात तिरपं ऊन पडलं की मनात आधी ओळ तयार व्हायची, कुणाला तरी सांगायची ओळ, हिंदी-इंग्रजीतली. ऊन नंतर दिसायचं. आठव्या की नवव्या दिवशी पाटाच्या पाण्यावर सुपारीचं सोललेलं साल वाहत जाताना पाहिलं आणि बराच वेळ मनात एकही शब्द आला नाही. मी तिथेच बसून राहिले.

घरात आधी मुलाच्या लक्षात आलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याचा वाढदिवस, बारावा. केक कापला आणि तो सुरी धरून तसाच थांबला, माझ्याकडे पाहत. मी विचारलं, “काय झालं रे?” तो म्हणाला, “नीट आला का ते बघ ना. नाही तर परत कापतो.” गेल्या चार वर्षांत त्याला तीच सवय लागली होती. मी त्याच्या हातातून सुरी घेतली. त्याने पहिला तुकडा मला न भरवता सरळ स्वतःच्या तोंडात कोंबला आणि मांयने त्याला चापट मारली.

काकीकडे मी दहाव्या दिवसापासून जाऊ लागले. दुपारी ती अंगणात माडाची चुडतं घेऊन बसते आणि हीर काढते, केरसुण्या बांधायला. मी जाऊन खाली बसले आणि एक चुडत ओढून घेतलं. माफी कशी मागायची हे मी ठरवून गेले होते. पाठ केल्यासारखी वाक्यं होती. ती मला स्वतःलाच फोटोखाली लिहिण्यासारखी वाटली, म्हणून म्हटली नाहीत. काकीने माझ्याकडे पाहिलं नाही, उठूनही गेली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी तिने न बोलता सुरी माझ्याकडे सरकवली, कारण माझी बोथट होती. माझे हीर जाडेभरडे निघायचे; ती ते माझ्यासमोर उचलून पुन्हा तासायची. असे सहा-सात दिवस गेले.

मग एके दिवशी, हातातलं काम न थांबवता, ती म्हणाली, “भावाचा फोन आला होता. सहा वर्षांनी आला. मी नाव पाहिलं आणि मला वाटलं, चवथीला बोलावतोय.”

मी काही बोलले नाही.

“चवथ कुठली, पौष होता तो,” ती म्हणाली. “पण मला तसंच वाटलं. उचलल्या उचलल्या म्हणाला, सगळ्या जगासमोर माझी अब्रू काढलीस.”

थोड्या वेळाने मी विचारलं, ती ओळ तिने इतक्या बायांसमोर म्हटली होतीच, मग तिथे भीती वाटली नव्हती का. मला खरंच समजून घ्यायचं होतं. ती म्हणाली, “तिथे समोर कोण होत्या? त्यांना माझं सगळं आधीच माहीत. मी म्हणते, त्या ओळ उचलतात, माझं ओझं तेवढा वेळ त्यांच्याकडे जातं. मग पणती विझते, आम्ही घरी. तू ते ओझं अशा लोकांना दिलंस, ज्यांना ते धरायचं नव्हतं.”

एवढं बोलून तिने हिरांची जुडी बांधली आणि आत गेली. क्षमा केली असं ती म्हणाली नाही, आणि मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा माझ्यासाठी चुडत बाजूला काढून ठेवलेलं होतं.

तिसावा दिवस डिसेंबरच्या मध्यात आला. आदल्या रात्री मी बराच वेळ जागी होते. सहा वर्षांचे फोटो, हजारो माणसांची आपुलकी, त्या मुंबईच्या सासूचं रडणं, हे सगळं जाणार होतं. त्यातली काही माणसं खरोखर माझी झाली होती. देवगडची एक बाई दर चवथीला मला निरोप पाठवायची. तिचा नंबर मी घेऊन ठेवला नाही याचं मला आजही वाईट वाटतं. एकदा आत शिरून तेवढा घ्यावा असं मनात आलं. नवरा झोपेतच म्हणाला, “ठेव गो तो फोन.” मी ठेवला. सर्व्हरवरून पूर्ण पुसायला 90 दिवसांपर्यंत लागू शकतात असं त्यांनीच लिहिलेलं असतं, त्यामुळे नेमका कुठला क्षण शेवटचा, हे कळतही नाही. सकाळी उठले तेव्हा पाववाला पोदेर भोंगा वाजवत दारात आला होता.

2025 च्या जानेवारीत पौषातले धालो सुरू झाले. मी फोन घरी ठेवून गेले. मांडावर दोन पोरींनी आपापले फोन आणले होते. मी त्यांना काही म्हटलं नाही. ज्या माडाला त्यांनी फोन टेकवले तो त्यांना मीच दाखवून दिला होता. पहिल्या दोन रात्री पोरी रीलमधलीच चाल म्हणत होत्या. सांग्याच्या बाईने आपलं कडवं काढलंच नाही. मी मध्यंतरात तिच्याशेजारी बसून ते मला शिकव म्हटलं. ती म्हणाली, आता तिलाही धड आठवत नाही. एक ओळ आठवली, ती दोघींनी हळू आवाजात म्हणून पाहिली.

तिसऱ्या रात्री काकी आली. आधी पायरीवर बसून राहिली, शाल पांघरून. मग नमन झाल्यावर उठली आणि समोरच्या रांगेत शिरली, माझ्या अगदी समोर नाही, दोन बाया सोडून. आमच्या रांगेची ओळ आली तेव्हा मी आईच्या चालीत सुरुवात केली. आवाज एकटा पडला आणि कापू लागला. बाजूच्या पोरीने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. दोन ओळी गेल्या आणि तिसरी मला आठवेना. इतकी वर्षं ती म्हटलीच नव्हती. मी नुसती वाकलेली, तोंड उघडं, सबंध मांड थांबलेला.

समोरून काकीने ओळ म्हटली. ती माझ्या आईची नव्हती; शब्द वेगळे, ओढ वेगळी, तिच्या माहेरची असावी. मी तीच उचलली. माझ्या मागोमाग बाजूच्या पोरीने उचलली, तिच्या पलीकडच्या बाईने उचलली, आणि रांग पुढे वाकली.